आधी सवलत, मग कर्ज

श्रोतेहो, बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिक उडतात. खाली बांधीत रोवणी करणारा बाप वर पाहतो नि म्हणतो, "आपलं पोरगंही शिकलं पाहिजे!" पण खर्च?

आधी सवलत पाहा. शासनाच्या प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास व आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. तेव्हा उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवा.

मग कर्ज, तेही गरजेपुरतेच. समजा, १० टक्क्यांनी ४ लाख उचलले. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. व्याज मात्र थांबत नाही. वर्षाला ४० हजार, तीन वर्षांत १ लाख २० हजार! ते दरमहा भरत गेलात, तर मुद्दलावर ओझे चढत नाही.

राहिला जेवणाखाण्याचा खर्च. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. कष्ट करून शिकण्यात लाज कसली?

बांधी गहाण न पडता हाती आलेली पदवी, तीच खरी आपली!