गृहिणी, आहारशास्त्र आणि उद्योग
(व्याख्यानाचा मजकूर)



तापीच्या मुखाशी, सुरतेच्या पश्चिमेस वसलेला हजीरा हा एके काळी वाळू, खाजण आणि मच्छीमारांच्या वस्त्यांचा प्रदेश होता. जवळच्याच सुवाळीच्या समुद्रात १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली, एवढाच त्याचा इतिहासाला परिचय. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात हे चित्र पालटले. वसईसमोरील समुद्रातून काढलेला नैसर्गिक वायू येथे किनाऱ्याला लागू लागला, त्यावर खताचा कारखाना उभा राहिला, पुढे पोलाद, रसायने आणि अवजड यंत्रसामग्रीचे उद्योग आले. या कारखान्यांबरोबर वसाहती आल्या आणि वसाहतींबरोबर कोकणातून, गोमंतकातून, देशावरून मराठी बोलणारी कुटुंबेही आली. देवघरातील कुलदैवताची तसबीर त्यांनी बरोबर आणली. सासू, जाऊ, नणंद, शेजारची काकू मात्र गावी राहिली.

या शेवटच्या वाक्यातच आजच्या विषयाचे मूळ आहे.

कारखान्याचा दिवस तीन पाळ्यांचा असतो. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी. त्यामुळे घरातले ताटही तीन वेळा मांडले जाते. पती रात्रपाळीहून परतून न्याहारी करतो तेव्हा मुलांचा शाळेचा डबा भरायचा असतो. तो झोपतो तेव्हा घरात आवाज होता कामा नये. अशा घरात एखादी सून आहारशास्त्राची पदवी घेऊन आली असेल, तर तिच्या शिक्षणाचे पुढे काय होते? सुरतेच्याच कन्या हंसाबेन मेहता यांच्या कुलगुरुपदाच्या काळात, १९४९ नंतर, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाचे शिक्षण रुजले. मुंबई-पुण्याकडेही हे शिक्षण दीर्घकाळ चालत आले आहे. पदव्यांची उणीव नाही. उणीव आहे ती दिवसातील तासांची, आणि त्याहून अधिक, त्या तासांचा हिशेब मांडण्याच्या इच्छेची.

नोकरी करणाऱ्या मातेचे कौतुक करताना ‘तारेवरची कसरत’ हा शब्दप्रयोग सभासमारंभांतून सर्रास ऐकू येतो. कौतुक मनापासूनचे असते यात संशय नाही. तथापि कसरत पाहणारा टाळी वाजवतो, तारेखाली हात धरून उभा राहत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून येथे दोन उदाहरणांचा थोडा बारकाईने विचार करावयाचा आहे.

पहिले उदाहरण डॉ. कमला सोहोनी यांचे. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. विदुषी दुर्गाबाई भागवतांच्या त्या भगिनी. जन्म १९११ चा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्राचे अभ्यासक, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या त्याच संस्थेत संशोधनासाठी गेल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, केवळ स्त्री म्हणून, त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष परीक्षार्थ, आणि त्यांच्या उपस्थितीने संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत, परंतु त्या वर्षात त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर असे काम केले की पुढे त्या संस्थेचे दार स्त्रियांना खुले झाले. तेथून केंब्रिज. बटाट्यावर काम करीत असता, वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनक्रियेशी संबद्ध द्रव्य असते हे त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ मध्ये अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच. डी. मिळविली. भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

१९४७ साली विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि कुन्नूर सोडून त्या मुंबईस आल्या. घर कोणी बदलले, हे येथे नजरेआड करू नये. पतीच्या गावी नवे पद शोधावे लागले; ते मुंबईच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्राच्या विभागात मिळाले. यानंतरचा काळ दोन मुलांच्या संगोपनाचा, आणि त्यांच्या सर्वांत लोकोपयोगी संशोधनाचाही. ताडाच्या नीरेचा अभ्यास याच काळातला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेल्या या कामात त्यांनी विद्यार्थ्यांसह दाखवून दिले की नीरेत ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे व लोह यांचा अंश असतो आणि नीरा आटवून केलेल्या गुळातही तो टिकतो; गरीब घरांतील वाढत्या वयाच्या मुलांना आणि गर्भवतींना त्याचा लाभ होऊ शकतो. हिवाळ्याच्या पहाटे सुरतेकडे नीरा पिणाऱ्यांना हे ठाऊक असो वा नसो, त्या पेल्यामागे एका मराठी मातेची प्रयोगशाळेतील वर्षे उभी आहेत. या कार्याबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिक त्यांना लाभले. संस्थेचे संचालकपद मात्र उशिरा आले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. भेसळ आणि ग्राहकांची फसवणूक यांविरुद्ध त्यांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’च्या कामात, लेखांतून, वर्षानुवर्षे भाग घेतला.

कमलाबाईंचे हे चरित्र घराघरांतून सांगितले जावे. परंतु ते सांगण्याचीही एक रीत आहे. ‘त्यांनी केले, मग तुला का जमत नाही?’ असे विचारण्यासाठी ते वापरले गेले तर तो त्यांच्यावरही अन्याय होईल. त्यांचे शिक्षण आणि डॉक्टरेट विवाहापूर्वी पूर्ण झाली होती. विवाहाच्या वेळी त्यांचे वय छत्तीसच्या आसपास होते. नोकरी पगारी, ठराविक वेळेची होती. माहेर विज्ञान जाणणारे आणि पती सुविद्य. आजची मुलगी पंचविशीत विवाह करते, तिशीच्या आत तिला मूल होते, आणि नेमक्या त्याच वर्षांत धंद्याची घडी बसवायची असते.

धंद्याचा विषय निघाला म्हणजे दुसरे उदाहरण आठवते, आणि ते प्रयोगशाळेतले नसून चुलीपुढचे आहे. मुंबईच्या गिरणगावात हजारो स्त्रिया खाणावळी चालवीत. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार खोलीत दाटीने राहत आणि जेवायला या खाणावळवाल्यांकडे येत. पैसे महिन्याच्या पगारावर. तेल, पीठ, डाळ मात्र रोज लागे. ती वाण्याकडून उधारीवर वा सावकाराकडून भारी व्याजाने आणायची. वेळप्रसंगी मंगळसूत्र गहाण पडे. वीस-पंचवीस माणसांचे दोन वेळचे पोषण करणाऱ्या या स्त्रीला जनगणनेच्या कागदावर ‘गृहिणी’ म्हणत. तिचे मूल त्याच खोलीत, त्याच धुरात, भाकरीच्या परातीशेजारी वाढे. आज ज्याला ‘घर आणि काम यांचा समतोल’ म्हणतात तो तिला दहा फुटांच्या खोलीत साधावा लागे, आणि त्याबद्दल तिचा कोणी सत्कार केला नाही.

गोवा मुक्तिलढ्यातून पुढे आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या स्त्रियांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. गरिबांना कर्ज देणे हे त्या बँकांचे घोषित धोरण होते. तारण म्हणून ठेवायला या बायकांजवळ काही नव्हते. त्यांनी गट केले, एकीने दुसरीची हमी घेतली आणि बँकेची पायरी चढली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि जेवणाची उधारी वसूल होईना. तरीही मंडळ टिकले. त्याने मोठ्या प्रमाणावर जेवण पुरविण्याचे काम हाती घेतले आणि वाशीला नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह काढले. यातील प्रत्येक गोष्ट एकीला अशक्य होती.

आता पुन्हा हजिऱ्याकडे वळू. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह बंधनकारक केले. रात्रपाळीच्या माणसाने काय खावे, अवेळी जेवल्याने मधुमेह आणि पचनाचे विकार कसे बळावतात, हे सांगणारी व्यक्ती त्यामुळे येथे खरोखर हवी आहे. वसाहतीतील स्त्रिया हे काम करू लागल्या आहेत : कोणी सल्ला देते, कोणी नाचणी, ज्वारी, वालाच्या पाककृतींचे डबे पुरवते, कोणी दोन्ही. नोकरीत असती तर २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या दोन अपत्यांसाठी तिला सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा असती आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर. स्वतःच्या उद्योगात तिला यातले काहीच नाही. बाळंतपणात धंदा थांबला की ग्राहक दुसरीकडे जातो.

आणि घर? २०२४ च्या केंद्रीय वेळवापर सर्वेक्षणात, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात असे आढळले, पुरुषांची ८८. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि दीड तासाहूनही कमी.

महाजनांना हा हिशेब अवघड वाटू नये, कारण देवस्थानात तो पूर्वापार मांडला जातो. नैवेद्याच्या सेवेचे वार ठरलेले असतात. समाराधनेच्या दिवशी नारळ किसणारे निराळे, भाताचा टोप उतरवणारे निराळे, पंगतीत वाढणारे निराळे. तो टोप एकट्याने उतरव, असे कोणी कोणाला सांगत नाही. शिवाय तेथे पळी बहुधा पुरुषाच्याच हाती असते, आणि स्वयंपाकही उत्तम होतो. देवळाच्या पायऱ्या उतरून घरचा उंबरा ओलांडेपर्यंत ती विद्या वाटेत कोठे सांडते, हे कोडेच आहे!

वसाहतीतील कुटुंबांनी ही पद्धत उचलायला हरकत नसावी. गावाकडची काकू येथे नाही. पण एकाच देवाची सेवा करणारी चार-सहा घरे येथे सहज सापडतात. एखादीच्या उद्योगाचे पहिले वर्ष असेल, तान्हे मूल असेल, परीक्षा असेल, तर त्या घराच्या सायंकाळच्या जेवणाचे वार इतर घरांत लावता येतील आणि त्यात पुरुषांची नावेही लिहिता येतील. कागद एवढाच पुरे. त्यावर पहिल्या ओळीत, रात्रपाळीची बस सुटण्यापूर्वी भरायच्या डब्याचा वार कोणाचा, ते लिहावे लागेल.