आधी झायलन काढा



पुण्याजवळच्या भूगावात बसून लाकडावर बोलायचं तर सुरुवात धावड्यापासून करावी. सालीला जखम झाली की या झाडातून डिंक पाझरतो आणि थंडीत तो आपल्या लाडवात जातो. हा डिंक म्हणजे बहुशर्करा, साखरेच्या रेणूंची लांब साखळी. पण झाड आपण होऊन देतं ते एवढंच. रुंद पानांच्या झाडांच्या लाकडात, म्हणजे धंद्यातल्या भाषेत हार्डवूडमध्ये, कोरड्या वजनाचा साधारण पाव भाग हेमिसेल्युलोजचा असतो. हेमिसेल्युलोज हीही बहुशर्कराच आणि त्यातलं बहुतेक झायलन. ते मात्र ओढून काढावं लागतं.

आणि आपण ते जाळतो. बल्लारपूरसारख्या कागद कारखान्यात क्राफ्ट पद्धतीने लाकूड शिजतं, तेव्हा झायलनचा बराचसा भाग तुटून ब्लॅक लिकर या काळ्या द्रावात उतरतो आणि बॉयलरमध्ये जातो. लाकूड बांधून ठेवणाऱ्या लिग्निनच्या तुलनेत त्याची उष्णता जेमतेम निम्मी. म्हणजे इंधन म्हणूनही सुमारच.

या विषयातली माणसं लांब नाहीत. याच रस्त्याने पुढे, पिरंगुटजवळ उरवड्याला प्राज कंपनीचं संशोधन केंद्र आहे. चांदणी चौकापलीकडे पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प प्राजच्याच तंत्रज्ञानावर उभा राहिला. त्याचा मला अभिमान आहे. तरीही माझी एक तक्रार आहे: बायोमास दिसला की आपण लगेच साखर आणि साखरेपासून इथेनॉल या वाटेला लागतो. झायलन तुटून मिळणारी झायलोज ही साखर साधं यीस्ट आंबवत नाही. त्यासाठी वेगळे जीवाणू किंवा बदललेलं यीस्ट लागतं. मग निसर्गाने विणलेली लांब साखळी तोडायची घाई कशाला? अखंड झायलनपासून पॅकिंगची फिल्म होते, कागदाची ताकद वाढते. तुकडे करायचेच तर झायलिटॉल हा गोड पदार्थ करा. फिनलंडने १९७०च्या दशकात बर्चच्या लाकडापासून तो उद्योग उभा केला.

झायलन काढण्याचं काम दिसतं तितकं अवघड नाही. सुबाभळीच्या चिपा पाण्यात घालून १६०-१७० अंशांवर शिजवा. झायलनवरचे अ‍ॅसिटिल गट सुटतात, त्यांचं अ‍ॅसेटिक आम्ल होतं आणि तेच झायलन लाकडातून सोडवतं. बाहेरून आम्ल घालावं लागत नाही. झाकण उघडलं की व्हिनेगरचा वास नाकात जातो आणि खाली चहासारखा तपकिरी द्राव असतो. त्यात तिप्पट अल्कोहोल ओतलं की मळकट पांढरे पुंजके तळाशी बसतात. वेळ लांबली तर मात्र साखळी तुटते, पुढे सुट्या झायलोजचं फरफ्युरल होतं. कॉस्टिक सोड्याने काढलं तर साखळी लांब राहते, पण अ‍ॅसिटिल गट जातात आणि झायलन पाण्यात नीट विरघळत नाही.

खरी मेख त्या तिप्पट अल्कोहोलमध्ये आहे. प्रयोगशाळेत ते कुणी मोजत नाही, कारखान्यात नफा तिथेच उडतो. अल्कोहोल कमी लागावं म्हणून मेम्ब्रेनने द्राव आधी आटवावा, तर लिग्निनचा चिकटा जाळीवर बसतो.

म्हणून आज इथे शोधनिबंध वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. झायलनच्या उताऱ्याची टक्केवारी सांगाच. पण सोबत साखळीची लांबी, खर्च झालेली वाफ आणि परत मिळालेलं अल्कोहोल हे तीन आकडेही फलकावर लिहा. ज्यांच्याकडे ते नसतील त्यांना प्रश्न मीच विचारणार आहे.