दिलीप प्रभावळकर : नटाच्या लेखनाची घडण

दिलीप प्रभावळकर (जन्म ४ ऑगस्ट १९४४) यांना महाराष्ट्राच्या घराघरांत नेले ते चिमणरावाने. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका आली. गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी रंगवला. रंगभूमीवर रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीणही प्रभावळकरांनीच गाजवली.

त्यांच्या लेखनाचा विचार करताना चिमणरावापाशी थांबावेच लागते. मूळ कथांत चिमणराव हाच निवेदक आहे : भित्रा, संसारी, आपली फजिती आपणच सांगणारा. तिथला विनोद प्रसंगापेक्षा सांगणाऱ्याच्या नजरेत अधिक आहे. प्रभावळकरांच्या लेखणीचे बळही याच जागी दिसते. पात्राच्या अंगात शिरायचे आणि त्याच्या तोंडून बोलायचे, ही नटाची रीत त्यांनी कागदावर आणली.

‘लोकसत्ता’तील ‘अनुदिनी’ हे सदर याचा उत्तम नमुना. निवृत्त गंगाधर टिपरे रोजनिशी लिहितात आणि तिच्यातून मुलगा, सून व नातवंडांचे घर उभे राहते. नोंदी साध्याच, पण आजोबांना कळलेले आणि न कळलेले असे दोन्ही वाचकाला दिसते. सदराचे पुस्तक झाले आणि त्यावरून केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली. टिपरे आजोबा, म्हणजे घरच्यांचे आबा, अर्थातच प्रभावळकर. दिवसाच्या शेवटी रोजनिशी लिहिणारे आबा मालिकेतही कायम राहिले. पुण्यात सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या दिशेने मध्यमवर्गीय वस्ती वाढत होती, त्या काळातली ही मालिका. सदनिकेत एकत्र नांदणाऱ्या तीन पिढ्यांना तिच्यात आपले घर सापडले. कटकारस्थानांवाचून मालिका चालते, हे तिने सिद्ध केले.

मुलांसाठी त्यांनी ‘बोक्या सातबंडे’ लिहिला. खोडकर, तरी दुसऱ्याच्या अडचणीला धावणारा हा मुलगा उपदेश न करता चांगुलपणा शिकवतो. म्हणूनच तो मुलांना आपला वाटतो. २००९ मध्ये त्याच्यावर चित्रपटही निघाला. ‘गुगली’, ‘हसगत’, ‘कागदी बाण’ ही त्यांची विनोदी पुस्तके. ‘एका खेळियाने’मध्ये त्यांनी आपल्या भूमिकांची जडणघडण सांगितली आहे, अभिनय शिकणाऱ्याने ते आवर्जून वाचावे.

चित्रपटात ‘चौकट राजा’तला नंदू आणि ‘झपाटलेला’तला तात्या विंचू ही दोन टोके. ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजी आणि ‘शेवरी’तील भूमिका यांसाठी त्यांना २००६ चा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नट आणि लेखक सर्वाधिक एकजीव झाले ते ‘हसवाफसवी’ या त्यांच्या नाटकात. त्यातल्या सहा भूमिका ते स्वतः करीत. वृद्ध संगीत नट कृष्णराव हेरंबकर ही त्यांतली सर्वांत हृद्य. हे नाटक केवळ त्यांच्या अभिनयावर तरले, असे मात्र म्हणता येणार नाही. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी त्याच सहा भूमिका रंगवल्या आणि नाटक पुन्हा रंगमंचावर उभे राहिले.