पगार आहे, पण पुरावा आहे का? जोडीदार व्हिसाच्या एक्स्टेंशनची गोष्ट

आजचा एपिसोड जरा कागदोपत्री आहे, पण शेवटपर्यंत ऐका, कारण ह्या कागदांवर नवरा-बायको एका घरात राहणार की नाही हे ठरतं.

मी बोर्डीची. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. लग्न झाल्यावर इंग्लंडला आले आणि पहिला व्हिसा संपत आल्यावर एक्स्टेंशन केलं. तेव्हापासून डहाणू-घोलवडकडून मेसेज येतात, "ताई, आमचा पगार चांगला आहे, मग टेन्शन कसलं?" तर आज एवढंच सांगायचंय, की पगार असणं वेगळं आणि पगार सिद्ध करणं वेगळं.

आपल्याकडे "महिन्याला किती मिळतात?" ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर फार कमी घरांत असतं. चिकूची वाडी असेल तर माल जातो, दलालाची पट्टी येते, मग हिशोब. एका महिन्यात बरे पैसे, दुसऱ्यात काहीच नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेक घरांत रिटर्नही भरलेलं नसतं. घर मात्र छान चालतं. पण व्हिसा अधिकाऱ्याला घर कसं चालतं हे बघायचंच नसतं. त्याला आकडा हवा, आणि प्रत्येक आकड्यामागे कागद हवा.

आता आकडा. ब्रिटनमध्ये ही अट जुलै २०१२ मध्ये आली, तेव्हा वर्षाला १८,६०० पौंड. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली, म्हणजे महिन्याला साधारण २,४१७ पौंड. ज्यांनी त्या तारखेच्या आधी अर्ज केला होता आणि आता त्याच जोडीदाराबरोबर एक्स्टेंशन करतायत, त्यांना जुनाच १८,६०० चा आकडा लागू आहे. मुलं असतील तर त्यात थोडी भर पडते. माझं एक्स्टेंशन ह्याच जुन्या आकड्यावर झालं. आणि लक्षात ठेवा, हा आकडा टॅक्स कापण्याआधीचा आहे. हातात येणारा नाही.

पुरावा म्हणजे तीन गोष्टी. एक, पे-स्लिप. दोन, त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट. तीन, कंपनीचं पत्र, ज्यात पगार किती, नोकरी कधीपासून, कायम की कंत्राटी, हे सगळं लिहिलेलं असतं. एकाच कंपनीत सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांचे कागद पुरतात. पण पे-स्लिपवर हातात येणारी जी रक्कम आहे, तीच बँकेत दिसली पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं जॉइन करतोय आणि एकही ओळ गळायला नको.

इथे एक बारकावा आहे. ठरलेला पगार असेल तर सहा महिन्यांतली सगळ्यात कमी पगाराची पातळी धरतात. म्हणजे पाचव्या महिन्यात पगारवाढ मिळाली, तर लगेच त्या नव्या पगारावर अर्ज करता येत नाही. तासावर काम असेल तर मात्र सहा महिन्यांची सरासरी काढतात.

आणि मध्येच नोकरी बदलली तर? मग नियम बदलतो. आजचा पगार अटीइतका हवाच, शिवाय गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेली रक्कमही तेवढी हवी. माझ्या नवऱ्याने अर्जाच्या तीन महिने आधी नोकरी बदलली. आधीच्या कंपनीकडून पत्र मागितलं, तर आठवडे गेले तरी उत्तर नाही. इकडे व्हिसाची तारीख जवळ येतेय. रात्री दोघं कॅलेंडर बघत बसायचो.

तेव्हा उपयोगी पडला तो दुसरा नियम. पहिल्या व्हिसाला माझा पुण्यातला पगार धरलाच नव्हता, फक्त नवऱ्याचा धरला होता. पण एक्स्टेंशनच्या वेळी, तुम्ही ब्रिटनमध्ये रीतसर नोकरी करत असाल तर तुमचाही पगार चालतो. माझी नोकरी सहा महिन्यांच्या वर झाली होती आणि माझ्या एकटीच्या पगारात अट बसत होती. आम्ही अर्ज माझ्या कागदांवर केला. म्हणून नव्याने आलेल्या मुलींना सांगते, नोकरी फक्त करिअरसाठी नाही, ती तुमच्या व्हिसाचा आधारही असते.

स्वतःचं कॉन्ट्रॅक्टिंग करणाऱ्यांनी सावध राहा. तिथे सहा महिन्यांचा हिशोब चालत नाही, पूर्ण आर्थिक वर्ष बघतात. स्वतःची लिमिटेड कंपनी असेल तर कागद अजून वाढतात.

"बाबा दर महिन्याला पैसे पाठवतील," हे उत्पन्नात धरत नाहीत. वाडीचा सातबारा बाबांच्या नावावर असेल तर ते उत्पन्न बाबांचं. बचत चालते, पण १६,००० पौंडांच्या वरची, आणि सहा महिने तुमच्या ताब्यात असलेली. फक्त बचतीवर जायचं तर २९,००० च्या अटीला ८८,५०० पौंड लागतात. बाबांनी भेट दिलेले पैसेही चालतात, पण ते सहा महिने आधी तुमच्या खात्यात यायला हवेत.

ही अट फक्त ब्रिटनची नाही. थायलंडमध्ये थाई बायकोच्या आधारावर राहणाऱ्या परदेशी नवऱ्याला महिन्याला ४०,००० बाथ उत्पन्न किंवा बँकेत ४,००,००० बाथ दाखवावे लागतात.

हे अन्यायकारक नाही का? हा प्रश्न कोर्टातही गेला. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताचा नीट विचार झालेला नाही, असंही सुनावलं. त्याच वर्षी नियम थोडे सैल झाले. खरोखरच अपवादात्मक परिस्थिती असेल तर दुसऱ्याची मदतही विचारात घेता येते. पण त्या दारावर भरवसा ठेवून बसू नका.

म्हणून काय करायचं? पगार नेहमी एकाच खात्यात घ्या. पे-स्लिप आली की त्याच दिवशी सेव्ह करा. नोकरी सोडताना शेवटच्या दिवसाआधी पत्र मागून घ्या. एक्स्टेंशनच्या तारखेच्या सात-आठ महिने आधी नोकरी बदलायचा विचार दोघांनी मिळून करा. आणि व्हिसा संपायच्या आत अर्ज करा, म्हणजे निर्णय येईपर्यंत तुमचं राहणं आणि काम कायदेशीर राहतं.

मी वकील नाही. अर्जाआधी सरकारी वेबसाइटवर आजचे नियम बघा. सल्ला घ्यायचा तर वकिलाकडून किंवा रीतसर नोंदणी असलेल्या सल्लागाराकडून घ्या, ओळखीतल्या एजंटकडून नको.

परदेशी गेलेल्या तुमच्या मित्रमैत्रिणींना हा एपिसोड पाठवा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट करा, पुढच्या वेळी उत्तरं देते. काळजी घ्या, भेटूच!