बिनचूकपणाचा हट्ट आणि छंदाची साथ
(पिंपळवंडी येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज गुणवंतांचे कौतुक झाले. ते व्हायलाच हवे. परंतु ज्यांची नावे पुकारली गेली आणि ज्यांची गेली नाहीत, त्या दोघांच्याही मनात एक धास्ती असते. ती म्हणजे चुकण्याची धास्ती. तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याची आमची इच्छा आहे.

ही धास्ती आपल्या समाजात उगाच आलेली नाही. आपल्या वाडवडिलांना वर्गाबाहेर बसून शिकावे लागले. घरातला पहिला मुलगा कॉलेजात गेला की साऱ्या वस्तीचे डोळे त्याच्याकडे लागत. दुसऱ्याच्या दुप्पट चांगले करशील तरच लोक मानतील, असे आपणच मुलांना सांगत आलो. त्या काळात ते खरेही होते. पण त्याचा एक परिणाम आपल्या लक्षात आला नाही. रेघ वाकडी आली की मुलगी चित्राचे पान फाडून टाकते. उत्तर येत असूनही मुलगा वर्गात हात वर करीत नाही. गळा चांगला असलेली भगिनी सूर चुकेल म्हणून चारचौघांत गात नाही. चूक होऊ नये म्हणून सुरुवातच करायची नाही, असे होऊन बसते.

मित्रहो, बाबासाहेबांकडे पाहा. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी. साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ साली सादर केला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. बाबासाहेबांनी तो दुरुस्त करून पुन्हा पाठविला आणि १९२३ साली पदवी मिळविली. एवढ्या मोठ्या विद्वानालाही दुरुस्ती चुकली नाही, आणि तिच्यामुळे त्यांची विद्वत्ता उणी झाली नाही.

याहून आम्हास महत्त्वाची वाटते ती त्यांच्या उतारवयातील गोष्ट. वयाची साठी जवळ आली होती, प्रकृती साथ देत नव्हती, कामाचा डोंगर समोर होता. अशा वेळी त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. ते चित्रकलेकडेही वळले. व्हायोलिन हे अवघड वाद्य आहे. पेटीची पट्टी दाबली की सूर ठरलेला असतो. येथे बोट कुठे ठेवायचे ते कानाने शोधावे लागते, आणि सुरुवातीला ते चुकतेच. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष राहिलेला माणूस हातात गज घेऊन नवशिक्या झाला! यात ना पदवी होती, ना पहिला नंबर. ते व्हायोलिन पुण्यात सिंबायोसिसच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात जपून ठेवले आहे. विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे.

वाद्याचाच दाखला तथागतांनीही दिला आहे. सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करता करता पायांतून रक्त येईपर्यंत साधना केली. तरी यश येईना, म्हणून तो निराश झाला व घरी परतण्याचा विचार करू लागला. सोण गृहस्थ असताना उत्तम वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला त्या वीणेच्या तारांची आठवण दिली. तार फार ताणली तर वाजत नाही आणि सैल सोडली तरी वाजत नाही. सोणाने प्रयत्न सोडला नाही, फक्त त्याचा ताण समतोल केला, आणि पुढे तो अर्हत झाला.

आपल्याच तालुक्यात याचा एक दाखला दगडात उभा आहे. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील भूतलिंग लेण्याचा दर्शनी भाग सुरेख कोरलेला आहे, पण आतले काम अपुरे राहिले आहे. तरीही चंद नावाच्या यवनाने आपल्या दानाचा लेख तेथे कोरविला. अपुऱ्या लेण्यातील ते दान आज दोन हजार वर्षांच्या आसपास टिकून आहे.

कोणी म्हणेल, मग चुका केल्या तरी चालतील काय? तसे नाही. औषधाची मात्रा, संस्थेचा हिशोब, मोटारीचा ब्रेक येथे चूक चालत नाही. पण बिनचूक काम करणारा हात चुकत चुकतच तयार होतो. त्या शिकण्यासाठी छंदासारखी जागा नाही, कारण तेथे कोणी नापास करीत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनो, ढोलकी, चित्र, शिवण, रोपवाटिका, बुद्धिबळ, जे आवडते ते रोज अर्धा तास करा. बिघडलेले पान फाडू नका. त्याखाली तारीख घालून ठेवा. वर्षाने ते काढून पाहिले की आपण किती पुढे आलो ते दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. जो हात न घाबरता रेघ ओढतो, तोच उद्या वर्गात वर होतो, मुलाखतीत थरथरत नाही.

पालकांना एक विनंती. मुलगा गाऊ लागला की लगेच त्याला स्पर्धेत उभा करू नका, नंबर कितवा आला असे विचारू नका. नाहीतर छंदाचीही परीक्षा होईल. त्याच्याजवळ बसा आणि ऐका. जमले तर स्वतःही शिकायला बसा. आई-वडिलांना चुकताना आणि हसून पुन्हा सुरुवात करताना मुलांनी पाहिले, तर आमच्या या भाषणापेक्षा ते त्यांना अधिक शिकवील.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. नमो बुद्धाय! जयभीम!