सदाहरित आडोसा : लागवड आणि अंतर



घराभोवती विटांची भिंत उभारणे हे गवंड्याचे काम आहे; ते महिन्याभरात पुरे होते. झाडांची भिंत उभारणे हे माळ्याचे काम आहे, आणि त्याला पाच-सात वर्षे लागतात. गवंड्याची चूक तत्काळ दिसते. माळ्याची चूक झाडे वाढल्यावर उमगते. तोवर ती सुधारण्याची वेळ बहुधा टळलेली असते. म्हणून आज मी झाडांच्या निवडीपेक्षा त्यांच्यामधील अंतराविषयी अधिक बोलणार आहे.

सदाहरित वृक्षाची पाने गळतच नाहीत, असे नाही. ती एकदम गळत नाहीत. जुनी गळत असता नवी येत राहतात, एवढाच त्याचा अर्थ. गुलमोहर कितीही देखणा असला, तरी कोरड्या ऋतूत तो निष्पर्ण होतो आणि आडोसा नाहीसा होतो.

आपल्या देशात या कामी सर्वाधिक लावला जाणारा वृक्ष म्हणजे खोटा अशोक. सीतेचा अशोक तो हा नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला दीर्घकाळ पॉलिअल्थिया लाँगिफोलिया म्हणत. आता त्याचे नाव मोनून लाँगिफोलियम असे आहे. तो मूळचा दक्षिण भारत व श्रीलंका येथील. त्याचा एक प्रकार पसरट माथ्याचा, तर दुसरा खाली झुकलेल्या फांद्यांचा, स्तंभासारखा सरळ वाढणारा असतो. आडोशासाठी हा दुसरा प्रकारच घ्यावा.

दोन रोपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे. चोवीस मीटर लांबीच्या हद्दीवर दोन मीटर अंतराने 13 आणि दीड मीटर अंतराने 17 रोपे बसतात. परंतु लावतेवेळी रोप काठीएवढे बारीक असते. मधली मोकळी जागा डोळ्यांना खुपते आणि दाटीचा मोह होतो. मी स्वतः त्या मोहाला बळी पडलो आहे. पाऊण मीटरवर लावलेली माझी रांग तीन वर्षे सर्वांच्या कौतुकाचा विषय होती. पुढे प्रकाशाअभावी खालच्या फांद्या वाळल्या. आडोसा हवा डोळ्यांच्या उंचीवर, आणि तेथेच उघडे बुंधे उभे राहिले! अखेर एकाआड एक झाड काढावे लागले, पण वाळलेला भाग पुन्हा भरला नाही.

मधली जागा भरण्यासाठी झाडे नव्हे, झुडपे लावावीत. कामिनी किंवा कोयनेल यांची रोपे 30 ते 45 सेंटिमीटर अंतराने, दोन ओळींत लावावीत; एका ओळीतील रोप दुसरीतील दोन रोपांच्या मधोमध यावे. काटेरी कुंपण हवे असल्यास करवंद उत्तम. छाटणी करताना तळ रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. मोरपंखीची छाटणी मात्र बेताने करावी; तिच्या जुन्या, पर्णहीन लाकडाला सहसा नवा फुटवा येत नाही.

अशोकासाठी लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी 60 सेंटिमीटर असलेले खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावेत. मग माती व कुजलेले शेणखत यांनी ते भरून, पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावे. देशाच्या बहुतेक भागांत हा काळ जून-जुलैचा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र ऑक्टोबरचा पाऊस साधावा. पहिले दोन उन्हाळे नियमित पाणी द्यावे.

शेवटी एक गोष्ट सांगतो. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्या उत्तर हद्दीवरील उंच रांगेची सावली त्या दिवसांत पलीकडच्या अंगणात पडते. तेथे कोणी वृद्ध उन्हाला बसत असेल, कोणी धान्य वाळवीत असेल. अशा ठिकाणी उंच वृक्षांऐवजी पुरुषभर उंचीची झुडपे पुरेत. रोपे आणण्यापूर्वी एकदा कुंपणापलीकडे जाऊन शेजाऱ्याशी बोलावे. आपल्याला एकान्त हवा, तसे त्याला ऊन हवे. दोघांचेही समाधान करील, तेच अंतर योग्य.