व्याजाचें गणित आणि लग्नगडी



मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार करून शंभरानें भागावें, म्हणजे सरळव्याज मिळतें. शाळेंत हें सूत्र मुलांस तोंडपाठ असतें. परंतु तें कशासाठीं शिकावें हें क्वचितच सांगितलें जातें. उत्तर हवें असेल तर डहाणू-तलासरीकडे पाहावें. हे तालुके २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहेत. १९४५ सालीं हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडत असे, आणि तेथील वारली कर्जांत जन्मून कर्जांतच मरत असे.

प्रथम खावटीचें उदाहरण घेऊं. आषाढांत घरांतलें भात संपे. वारली सावकाराकडून एक मण भात उचली आणि मार्गशीर्षांत झोडणी झाल्यावर दिढीनें फेडी, म्हणजे एकाचे दीड मण देई. ज्यांनीं दिडकी घोकली आहे त्यांस हा हिशेब सोपा वाटेल. परंतु मुदत मोजावयास विसरूं नये. पांच महिन्यांत शेंकडा ५०, तर बारा महिन्यांस शेंकडा १२०! सावकाराची बाजू घ्यावयाची तर, पावसाळ्यांत भात महाग व सुगींत स्वस्त. तेव्हां वाढीचा कांहीं भाग भावांतच जिरे. हें खरें, तरी माप त्याचें आणि वहीही त्याचीच.

बाकी राहिली तर? सरळव्याजानें तीन हंगामांनंतर एका मणाचे अडीच मण व्हावेत. बाकीवर पुन्हा दिढी चढविली, कीं तेच ३ मण १५ शेर होतात. वरचे ३५ शेर हें व्याजावरचें व्याज होय.

याहून कठीण प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठीं रक्कम उचलावी आणि ती फिटेपर्यंत नवराबायकोनें जमीनदाराकडे राबावें, असा हा करार. गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकांत या माणसांची हकीकत सांगितली आहे. आयुष्य सरे, पण कर्ज सरत नसे. कां सरत नसे, हें पाटीवर मांडून पाहूं.

समजा, मुद्दल ६० रुपये आणि दर सालीना शेंकडा १२. वर्षाचें व्याज ७ रुपये ३ आणे. (तेव्हां रुपयाचे आणे १६ व आण्याच्या पै १२.) १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथील परिषदेंत वारल्यांनीं रोजची मजुरी १२ आणे मागितली. तोच दर धरूं, आणि निम्मे पोटास वजा करूं. राहिले ६ आणे. १६९ दिवसांचे ६३ रुपये ६ आणे झाले. सबंध मुदलावर शेवटच्या दिवसापर्यंत व्याज धरिलें, तरी तें ३ रुपये ५ आणे ४ पै होतें. सर्व देणें ६३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे साडेपांच महिन्यांत एकट्यानें कर्ज फेडून वर आठ पै उरतात! दोघें राबलीं तर पावणेतीन महिने पुरत.

मग वर्षेंच्या वर्षें कशांत गेलीं? दर बराच चढा धरला तरी एवढें अंतर त्यानें भरून निघत नाहीं. खरी गोम अशी, कीं मजुरी जमेच्या बाजूस लिहिलीच जात नसे. जमेस शून्य असल्यावर सूत्र बिचारें काय करणार?

किसान सभेच्या त्या चळवळींत पुष्कळ लग्नगडी मोकळे झाले. पण १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पांच माणसें प्राणांस मुकलीं. पुढें १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें असलें ऋण फेडण्याची जबाबदारीच रद्द केली.

दर महिन्याच्या भाषेंत सांगण्याची चाल मात्र मोडलेली नाहीं. कोणी ‘शेंकडा पांच’ म्हणाला, तर आधीं महिन्याचे कीं सालाचे हें विचारावें. महिन्याचे असल्यास बारांनीं गुणावें. साठ येतील.